एका अ‍ॅडाप्टरच्या रिंगमुळे: झाडीपट्टीच्या नाटकात जुन्या निकॉन लेन्स आणि अ‍ॅपर्चर

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बाप-लेकाचा फोटो स्टुडिओ आहे. ओळख पटेल असा तपशील काढून हे प्रकरण त्यांच्या परवानगीने मांडतो आहे. वडिलांची उमेदीची वर्षं निकॉन एफएम-२ वर गेली. १९८२ साली आलेला हा पूर्ण यांत्रिक कॅमेरा, त्याला १३५ मि.मी. एफ/२.८ ची एआय-एस, म्हणजे अ‍ॅपर्चरची रिंग अंगावरच असलेली जुनी लेन्स. (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधल्या पातींनी लहान-मोठं होणारं, उजेड आत घेणारं छिद्र. एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं.) पुढे स्टुडिओत डी-९० आला आणि त्याच्यासोबत ५० मि.मी. एफ/१.८ ची, निकॉनच्या 'जी' प्रकारातली लेन्स. डी-९० ला १३५ बसत होती, पण त्या बॉडीत अशा बिनचिपच्या लेन्ससाठी लाइट मीटर चालत नाही. लग्नाच्या धावपळीत अंदाजाने एक्स्पोजर लावत बसायला वेळ कुणाला, म्हणून ती लेन्स लोखंडी कपाटात गेली ती गेलीच.

मुलाने दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड सोनी ए-७ थ्री घेतला, २८-७० च्या साध्या किट लेन्ससह. लग्नाच्या कामाला तेवढं पुरत होतं.

मग वडसा येथील एका नाटक कंपनीचं काम आलं. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात, दिवाळीनंतर मंडया (जत्रा) भरतात, शंकरपट (बैलांच्या शर्यती) होतात आणि रात्री गावोगावी नाटकं लागतात. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. या रंगभूमीची दखल आता सगळीकडे घेतली जाते. इथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. कंपन्यांचा सगळा व्यवहार बुकिंगवर चालतो आणि बुकिंग पोस्टरवर. मालकांना पुढच्या हंगामाच्या पोस्टरसाठी नटनट्यांचे जवळून घेतलेले, खऱ्या प्रयोगातले चेहरे हवे होते. अट एकच होती: "फ्लॅश मारू नका जी, नटाचा मूड जाते अन् पब्लिकही वरडते."

किट लेन्स ७० मि.मी. ला एफ/५.६ च्या वर उघडत नाही. कापडी मंडपातल्या उजेडात तिच्याकडून हे काम होणार नव्हतं. तेव्हा कपाटातली १३५ आठवली. त्याने निकॉनच्या लेन्स सोनीला जोडणारा एक स्वस्त अ‍ॅडाप्टर ऑनलाइन मागवला. अ‍ॅडाप्टरवर स्वतःची एक निळी रिंग होती. ती कशासाठी आहे हे डब्यावर नीट लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या रात्री काय झालं

आधी त्याने ५० ची जी लेन्स लावली. फोटो जवळजवळ काळे आले. तिथूनच त्याने मला फोन केला: "सर, लेन्स तर बसली, पण फोटो काळा येऊन राह्यला." मागे नांदीचा आवाज होता, नीट बोलणं झालं नाही. खटपट करता करता त्याने निळी रिंग फिरवली आणि चित्र उजळलं. तो निर्धास्त झाला.

दुसऱ्या अंकात त्याने त्याच अ‍ॅडाप्टरवर १३५ चढवली. नायक आणि खलनायक मागेपुढे उभे, म्हणून लेन्सची रिंग एफ/५.६ वर नेली. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, शटर १/१२५, आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ऑटो, म्हणजे कॅमेराच ठरवणार. फोटो उजेडाला ठीक दिसले. घरी मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा कळलं की खलनायकाचा डोळा धारदार आहे आणि हातभर मागे उभा नायक विरघळून गेला आहे. रात्रभराच्या सगळ्या दुकली फोटोंची हीच गत होती. सकाळी त्याचा निष्कर्ष पक्का झाला होता: पन्नास मधूनच काळं दाखवते, १३५ जुनी झाली, दोन्ही लेन्स गेल्या.

त्याने फाइल्स पाठवल्या. अ‍ॅपर्चरच्या जागी अर्थातच काही नव्हतं, कारण लेन्स आणि कॅमेरा यांच्यात एकही विद्युत संपर्क नाही. पण आयएसओचे आकडे होते आणि तेच बोलके ठरले. एकाच प्रवेशातले, एकाच उजेडातले फोटो, शटर तेच. त्याच्या सांगण्याप्रमाणे काही एफ/२.८ ला काढलेले, काही ५.६ ला. हे दोन स्टॉपचं अंतर आहे (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो), म्हणजे उजेड चौथाई झाला पाहिजे आणि ऑटो आयएसओने ३२०० वरून १२८०० गाठायला हवा. प्रत्यक्षात सगळ्या फाइल्स ३२०० च्या आगेमागे होत्या. रिंग फिरली होती, पाती हलली नव्हती.

पाती कोण हलवतं

पुढचे सगळे निर्णय या एका प्रश्नावर उभे राहिले, म्हणून इथे थोडं थांबतो.

निकॉनचा एफ माउंट १९५९ चा. त्याच्या लेन्सच्या मागे एक छोटी दांडी असते. लेन्स कॅमेऱ्यावर असताना कॅमेरा ती दांडी रेटून पाती पूर्ण उघडी ठेवतो, म्हणजे व्ह्यूफाइंडर उजळ राहतो. शटर दाबताच दांडी सुटते आणि स्प्रिंगच्या जोराने पाती मिटतात. किती मिटायचं हे एआय-एस लेन्समध्ये लेन्सवरची रिंग ठरवते. जी लेन्सवर रिंगच नाही. तिथे कॅमेरा दांडी जितकी सोडेल तितकी पाती मिटतात.

लेन्स हातात घेतली की दांडी मोकळी असते. म्हणून एआय-एस लेन्स रिंगवर लावलेल्या आकड्यापर्यंत मिटलेली दिसते आणि जी लेन्स शेवटपर्यंत मिटलेली. ५० ची जी लेन्स अशी एफ/१६ वर जाते. एफ/१.८ च्या मानाने उजेड जवळजवळ ऐंशीपट कमी. फोटो काळे का आले याचं उत्तर इथे मिळालं.

सोनीच्या ई माउंटमध्ये लेन्स बसते ती जागा सेन्सरपासून १८ मि.मी. वर असते, निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मि.मी. वर. मधले २८.५ मि.मी. भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे साधा अ‍ॅडाप्टर. त्यात ना काच, ना वीज, ना दांडी हलवणारं काही. निळी रिंग असलेल्या अ‍ॅडाप्टरमध्ये मात्र एक आकडी असते आणि ती रिंगेसोबत फिरून लेन्सची दांडी रेटते. जी लेन्ससाठी ही सोय फार मोलाची आहे. एआय-एस लेन्सवर तीच सोय आडवी येते. लेन्सची रिंग सांगते की पाती जास्तीत जास्त इतकी मिटू शकतात, आणि अ‍ॅडाप्टरची आकडी त्यांना त्याआधीच अडवून धरू शकते. दोन रिंगांपैकी जी जास्त उघडं मागेल तिचं चालतं.

त्या रात्री पन्नाससाठी निळी रिंग पूर्ण उघड्यावर आणली गेली आणि तशीच राहिली. मग १३५ वर कितीही आकडे फिरवा, लेन्स एफ/२.८ वरच. दहा मीटरवर उभ्या माणसासाठी १३५ मि.मी. ला एफ/२.८ वर खोली, म्हणजे पुढून मागे धारदार दिसणारा पट्टा, साधारण ९० सें.मी. मिळते, एफ/४ वर १.३ मीटर आणि एफ/५.६ वर १.८ मीटरच्या थोडी वर. पुढे-मागे मिळून ९० सें.मी. म्हणजे पुढच्या माणसावर फोकस असेल तर त्याच्या मागे अर्धा मीटरही नाही. मागे उभ्या नायकाचं असंच झालं.

वडिलांना हे फोनवर सांगायला लागलो, तर अर्ध्यात त्यांनी मुलाला हाक मारली: "अरे, पाती हालते का नाई थे समोरून पाह्य पहिले." चाळीस वर्षं लेन्स हाताळलेल्या माणसाचं हे पहिलं वाक्य होतं. मुलाने लेन्समध्ये समोरून पाहात रिंग फिरवली. पाती हलली नाहीत. निळी रिंग दुसऱ्या टोकाला नेली आणि पुन्हा फिरवून पाहिलं. हलली.

पुढे कोणते रस्ते होते

पुढचा प्रयोग आठवड्याभरावर होता. चार गोष्टींचा विचार झाला.

सोनीची स्वतःची ८५ मि.मी. एफ/१.८ घ्यायची, ऑटोफोकससह. फोटोच्या दृष्टीने हाच सर्वात सरळ रस्ता होता. पण एका कामाच्या ॲडव्हान्सवर तो खर्च बसत नव्हता आणि कर्ज काढून लेन्स घ्यायला वडिलांचा विरोध होता. मला तो विरोध योग्य वाटला.

दुसरा पर्याय इलेक्ट्रॉनिक अ‍ॅडाप्टरचा. जी लेन्सची दांडी मोटरने हलवणारे अ‍ॅडाप्टर मिळतात, त्यावर कॅमेऱ्याच्या चाकानेच अ‍ॅपर्चर लावता येतं. मात्र त्याचा उपयोग पन्नासला, आणि पोस्टरचे चेहरे तर १३५ मधून यायचे होते.

तिसऱ्या पर्यायाने आम्हाला सर्वात जास्त शिकवलं. शेजारच्या गावातल्या एका मित्राकडे निकॉन डी-७२०० होता. डी-७०००, ७१०० आणि ७२०० या बॉडींवर एआय रिंगचा आकडा वाचणारा खटका असतो. लेन्सची माहिती मेन्यूत भरली की मीटरही चालतो आणि पातीही आपोआप उघडझाप करतात. (डी-७५०० मध्ये हा खटका काढून टाकला, हे सेकंडहँड घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं.) शिवाय लहान सेन्सरमुळे १३५ चा आवाका दोनशेच्या लेन्सइतका होतो. अ‍ॅपर्चरचा प्रश्नच मिटतो असं वाटलं. त्याने दुपारी अंगणात चाचणी घेतली. एफ/२.८ ला फोटो बरोबर. एफ/८ ला मात्र लागोपाठ काढलेले फोटो फटफटीत पांढरे, आणि प्रत्येक पुढचा आधीच्याहून पांढरा.

वडिलांना तेव्हा जुनी गोष्ट आठवली. शेवटच्या काही उन्हाळ्यांत या लेन्सच्या निगेटिव्ह दाट येत आणि त्यांना वाटे की एफएम-२ चं शटर हळू झालं. शटरचा दोष नव्हता, पातींवर तेल आलं होतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या छपराखालच्या लोखंडी कपाटात त्याहून जास्त तापत असेल. फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस पातळ होऊन पातींवर पसरतं आणि पाती एकमेकींना चिकटू लागतात. कॅमेरा दांडी सोडतो, पाती आळसाने मिटतात, तोवर शटर उघडून बंद झालेलं असतं. पाती मिटण्याआधीच फोटो निघतो आणि जास्त उजेड आत येतो.

सोनीवर याच लेन्सला हा आजार बाधत नव्हता. तिथे शटरच्या क्षणी पाती मिटायच्याच नसतात. रिंग फिरवली की त्या सावकाश का होईना मिटतात आणि तशाच राहतात. लेन्स आजारी होती हे खरं, पण बिनविजेच्या अ‍ॅडाप्टरवर ती चालण्याजोगी होती. ऑटोमॅटिक पाती चालवणाऱ्या बॉडीवर नव्हती. डी-७२०० बाद झाला.

उरला चौथा रस्ता: आहे तेच सामान, पण रीत बदलून.

काय केलं

सगळ्यात आधी त्याने दुसरा, बिनरिंगचा, पोकळ अ‍ॅडाप्टर घेतला. तो १३५ ला लावून ठेवला आणि काढायचा नाही असं ठरलं. निळ्या रिंगचा पन्नाससाठी. निळी रिंग मिटलेल्या टोकाला चिकटपट्टीने बांधून एकाच अ‍ॅडाप्टरवर भागवता आलं असतं. पण अंधारात, घाईत, लेन्स बदलताना हे लक्षात ठेवावं लागतं, आणि नाटकाच्या मंडपात असं लक्षात ठेवण्यावर काही सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

निळ्या रिंगवर आकडे नव्हते. ते आम्ही स्वतः मांडले. दुपारी एकसारख्या उजेडातली पांढरी भिंत, आयएसओ पक्का, कॅमेरा ए मोडवर (म्हणजे शटर कॅमेराच ठरवतो), फोकस जाणूनबुजून पुसट. रिंग पूर्ण उघडी असताना कॅमेऱ्याने जे शटर दाखवलं ते एफ/१.८ चं. समजा १/४०००. मग १/२००० दिसेपर्यंत रिंग हळूहळू फिरवायची, ते झालं एफ/२.५. १/१००० ला एफ/३.५ च्या जवळपास, १/५०० ला एफ/५. प्रत्येक ठिकाणी पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका. रिंगचा सगळा प्रवासच बोटभराचा, त्यामुळे ठिपके जवळजवळ आले. चाचणी दोनदा केली आणि दोन्ही वेळा ठिपके तिथेच पडले. या चाचणीत आयएसओ ऑटोवर ठेवला तर काहीच कळत नाही. कॅमेरा प्रत्येक बदल गुपचूप भरून काढतो.

१३५ ला ठिपक्यांची गरज नाही, तिच्या रिंगला टकटक असे थांबे आहेत. त्याने बोटांना सवय लावली: पूर्ण उघड्यापासून एक टक म्हणजे ४, दोन टक म्हणजे ५.६. या लेन्सच्या रिंगवर धातूचे दोन कान आहेत, जुन्या निकॉन बॉडींच्या मीटरला जोडण्यासाठीचे, आणि ते ५.६ च्या आकड्यावर बसवलेले असतात. अंधारात रिंग कुठे आहे ते त्या कानाला हात लावूनही कळतं.

कॅमेऱ्यात लेन्स नसताना शटर चालू देण्याची सेटिंग आधीच चालू होती, नाहीतर एकही फोटो निघाला नसता, कारण बिनविजेची लेन्स कॅमेऱ्याला कळतच नाही. राहिलं होतं ते स्थिरीकरण, म्हणजे हात हलला तरी फोटो हलू न देणारी कॅमेऱ्यातली सोय. चिप नसलेल्या लेन्सचं फोकल लेंग्थ हाताने भरावं लागतं, आणि पहिल्या रात्री १३५ वर असतानाही मेन्यूत ५० च होतं. त्यानेही काही फोटो हलले असणार. ही सेटिंग एका बटणावर आणली.

फोकसचा मुद्दा राहिला. जुन्या दिवसांत पूर्ण उघड्यावर फोकस करून मग रिंग मिटवायची सवय होती, कारण मिटलेल्या लेन्समधून काचेच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार दिसे. सोनीचा व्ह्यूफाइंडर पडदा आहे, तो स्वतः उजळून दाखवतो. म्हणून एफ/४ ठरलं की एफ/४ वरच, चेहरा मोठा करून, डोळ्यावर फोकस. रिंगला पुन्हा हात लावायचा नाही. त्यामुळे फोकस आणि फोटो यांच्यामध्ये एक कृती कमी झाली आणि प्रवेशात संवाद चालू असताना ती एक कृती फार महाग पडते.

शेवटची गोष्ट वहीची. फाइलमध्ये अ‍ॅपर्चर नोंदलं जाणार नव्हतं, म्हणून प्रवेश बदलला की मोबाइलमध्ये तीन शब्द: लेन्स, आकडा, प्रवेश.

दुसरी रात्र

तो वादकांच्या मागे, रंगमंचापासून दहाएक मीटरवर बसला. संवादांच्या प्रवेशांना एफ/४, शटर १/१००, आयएसओ ५००० च्या आसपास. मागचा पडदा काळा असला की मीटर फसतो आणि चेहरे पांढरे पडतात, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली. शांत शटरचा मोह टाळला. एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटरने आडवे पट्टे येतात. शटर १/१०० ठेवण्याचं कारणही दिवेच, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात.

कंपनीच्या मालकांनी पोस्टरसाठी निवडलेले जवळजवळ सगळे चेहरे याच प्रवेशांतले निघाले. फ्लेक्सवर दोन हात उंच छापल्यावरही डोळे टिकतील असे. नायक-खलनायकाचा समोरासमोरचा प्रवेश एफ/५.६ वर घेतला. आयएसओ दहा हजारांवर गेला, दाणा दिसला, पण दोघेही फोकसमध्ये होते. मालकांनी दाण्याबद्दल विचारलंही नाही.

लावणीच्या वेळी मात्र हात टेकावे लागले. १/२५० शटरला एफ/२.८, वेगाने फिरणारी नर्तकी आणि हाताने फोकस. बरेच फोटो हुकले. रंगीत दिव्यांचे पट्टे यांत्रिक शटरवरही काही चौकटींत उतरलेच, कारण स्वस्त एलईडी पार स्वतःच्या वेगाने लुकलुकतात. या कामाला ऑटोफोकसची लेन्सच हवी. हाताच्या रिंगा इथे अपुऱ्या आहेत आणि हे मालकांना आधीच सांगायला हवं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

अ‍ॅडाप्टर हातात आला त्याच दिवशी दुपारी, उजेडात, समोरून पाती पाहात दोन्ही रिंगा फिरवल्या असत्या तर पहिली रात्र वाया गेली नसती. या तपासणीला कॅमेराही लागत नाही.

पहिल्या रात्री पन्नासने फोटो द्यायला सुरुवात केल्यावर तो तिच्यावरच थांबू शकला असता. पुढे सरकून, एफ/१.८ ला, प्रसंगाचे फोटो मिळाले असते. लेन्स बदलल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकदा झूम करून पाहायला मध्यंतर होतं. त्या वेळात तो चहा घेत मालकांशी बोलत होता. त्याला दोष देत नाही, मालकांशी बोलणं हाही धंद्याचा भाग आहे. पण मध्यंतराची ती पंधरा मिनिटं हा खरा निर्णयाचा क्षण होता.

दुसऱ्या स्टुडिओंनी हे जसंच्या तसं उचलू नये. तुमच्याकडची लेन्स वेगळी असेल तर पाती हलवणाराही वेगळा असतो. १९८७ पासूनच्या कॅननच्या ईएफ लेन्समध्ये पाती विजेवर चालतात. पोकळ अ‍ॅडाप्टरवर त्या पूर्ण उघड्याच राहतात. त्यांना विद्युत संपर्क असलेला अ‍ॅडाप्टरच लागतो. फारच अडलं तर कॅनन बॉडीवर हवा तो आकडा लावून, खोली तपासण्याचं बटण दाबून धरून, तशीच लेन्स काढतात, म्हणजे पाती तिथेच थबकतात. त्याआधीच्या कॅनन एफडी लेन्सना अ‍ॅडाप्टरवरची उघड-बंद रिंग बंदच्या बाजूला नेल्याशिवाय लेन्सचे आकडे लागू होत नाहीत. एम-४२ च्या आट्यांच्या लेन्समध्ये मागे एक खिळा असतो. अ‍ॅडाप्टरला तो दाबणारी कड हवी, नाहीतर लेन्सवरचा ए-एम (ऑटो-मॅन्युअल) खटका एम वर हवा. पेन्टॅक्स, याशिका, हेलिऑस, जे कपाटात असेल ते काढा, पण पैसे अ‍ॅडाप्टरवर घालवण्याआधी मागची बाजू पाहा.

१३५ साफ करायचा निर्णय अजून लांबणीवर आहे. मुलाला ती लगेच नागपूरला दुरुस्तीला पाठवायची होती, वडील म्हणाले हंगाम होऊ दे. मी वडिलांच्या बाजूने कौल दिला, एका अटीवर: लेन्स कपाटात न ठेवता खालच्या खोलीतल्या फडताळात ठेवायची आणि महिन्यातून एकदा टॉर्च लावून पाहायची. तेल पातींवर आहे तोवर चालतं. काचेवर वाफेसारखं धुकं दिसायला लागलं की हंगाम संपायची वाट पाहायची नाही. होळीनंतर प्रयोग संपले की ती जाईल. कारागिराला सांगायचं ते मुलाने लिहून ठेवलं आहे: पाती कोरड्या करा, त्यांना तेल लावू नका, आणि आट्यांमधलं जुनं ग्रीस बदला. लेन्स परत आली की मित्राच्या डी-७२०० वर एफ/८ ला तीच अंगणातली चाचणी पुन्हा करायची आहे.